सुताराच्या मुलाचा चेलो

पॉल तॉर्तलिएचा जन्म २१ मार्च १९१४चा, पॅरिसमधल्या मोंमार्त्र भागातला. वडील उंची फर्निचर घडवणारे सुतार, मूळचे ब्रिटनी प्रांताकडचे. पैसा बेताचा होता, पण घरात गाण्याबजावण्याची आवड होती. आईला चेलोचा आवाज इतका आवडायचा की पोर जन्माला यायच्या आधीच तिनं ठरवून टाकलं होतं, हा चेलो वाजवणार. सहाव्या वर्षी मुलाच्या हातात चेलो आला, बाराव्या वर्षी तो पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकायला लागला आणि सोळाव्या वर्षी तिथलं पहिलं पारितोषिक घेऊन बाहेर पडला. इथवर सगळं एखाद्या बालगुणवंताच्या चरित्रात शोभेल असंच आहे. पण जगानं त्याला एकल वादक म्हणून ओळखलं ते १९४७ साली, म्हणजे पारितोषिकानंतर तब्बल सतरा वर्षांनी. चरित्रलेखक या मधल्या वर्षांवरून दोन ओळींत पुढं सरकतात. मला ती त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची वर्षं वाटतात.

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातला थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून तो वाजवतात. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत मागं जो दाट, खर्जाचा सूर भरून राहिलेला असतो, तो पुष्कळदा चेलोचा असतो आणि स्टुडिओत तो वाजवणारे बरेचसे गोव्याकडचे असत. तेव्हा वाद्य आपल्या कानांना परकं नाही. फ्रान्समध्ये मात्र ते शिकवण्याची दोनशे वर्षांची एक पक्की शाळा आहे, आणि तॉर्तलिए त्या शाळेचा विद्यार्थी.

पॅरिसची कॉन्झर्व्हेटरी १७९५ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत स्थापन झाली. राजेरजवाडे आणि चर्च यांच्या आश्रयावर चालणारं संगीतशिक्षण सरकारनं आपल्या अंगावर घेतलं. प्रवेश परीक्षेनं, शिक्षण सरकारी खर्चानं, आणि बाहेर पडताना पुन्हा परीक्षा, तीही लोकांसमोर. सुताराच्या मुलाला दार उघडं राहिलं ते यामुळं. खासगी शिक्षकांच्या फीवरच सगळं अवलंबून असतं तर आईच्या हौसेचं काय झालं असतं, कोण जाणे.

या शाळेनं चेलोला दिलेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे बोटं कुठं ठेवायची याचा हिशेब. व्हायोलिनच्या तारेची वाजती लांबी साधारण साडेबत्तीस सेंटिमीटर, चेलोची सुमारे एकोणसत्तर. त्यामुळं तारेच्या सुरुवातीला एका सुरापासून लगतच्या अर्ध्या सुरापर्यंतचं अंतर व्हायोलिनवर दोन सेंटिमीटरही भरत नाही, तर चेलोवर ते चारच्या आसपास जातं. व्हायोलिनवाला शेजारच्या दोन बोटांत पूर्ण सूर आरामात सामावून घेतो. चेलोवाल्यानं तसं करायला घेतलं की हात ताणला जातो, बोटं आखडतात आणि सूर ढळतो. अठराव्या शतकातले बरेच चेलोवादक व्हायोलिनचीच बोटं उसनी आणून काम भागवत. ज्याँ-लुई द्युपोर या पॅरिसच्या वादकानं १८०६मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यावर उपाय नीट मांडून ठेवला. एका बोटाला अर्धा सूर, असा त्याचा मूळ नियम. चार बोटांत तीन अर्धे सूर बसतात, जास्त हवं असेल तर पहिलं बोट मागं ताणायचं. आणखी वर जायचं झालं तर चेलोच्या गळ्याच्या मागं असलेला अंगठा पुढं आणून आडवा तारांवर ठेवायचा, म्हणजे जिथं अंगठा तिथं वाद्याची नवी सुरुवात. ऐकायला सोपं आहे. करून बघणाऱ्याच्या अंगठ्याची कड आधी सोलून निघते, मग तिथं घट्टा पडतो, आणि त्यानंतर कुठं संगीताची गोष्ट सुरू होते.

दुसरी गोष्ट गजाची. आज जगभर जो गज वापरतात त्याचा आकार फ्रांस्वा तूर्त या पॅरिसच्या कारागिरानं अठराव्या शतकाच्या अखेरीस ठरवला. हा माणूस आधी घड्याळं बनवायला शिकला होता. ब्राझीलहून रंगासाठी येणारं पर्नाम्बुको नावाचं लाकूड त्यानं गजासाठी पक्कं केलं. काठी उष्णतेवर वाकवून केसांच्या बाजूला आत झुकवली. जुने गज बाहेरच्या बाजूला, धनुष्यासारखे वाकलेले असत. त्यांचा जोर टोकाकडं पार विरून जायचा. तूर्तच्या गजावर टोकापर्यंत आवाज टिकवून धरता येतो. चेलोचा गज भरतो जेमतेम ऐंशी ग्रॅम. एवढ्याशा काठीतून दोन हजार माणसांच्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. फ्रेंच वादकांच्या उजव्या हाताचं जे कौतुक होतं, वजन न टाकता आवाज खेचून घेण्याची जी त्यांची रीत सांगतात, तिच्यामागं हा घड्याळजीही उभा आहे.

द्युपोरनंतर परंपरेची पुढची ठळक कडी ओग्युस्त फ्रांकोम. तो शोपँचा जिवाभावाचा मित्र. शोपँनं चेलोचा एकुलता एक सोनाटा त्याच्यासाठी लिहिला आणि १६ फेब्रुवारी १८४८ रोजी पॅरिसमधल्या आपल्या शेवटच्या कार्यक्रमात त्याच्याबरोबर त्यातला भाग वाजवला. द्युपोरचा १७११ सालचा स्ट्राडिव्हारी चेलो पुढं याच फ्रांकोमनं १८४३ साली २२,००० फ्रँक मोजून घेतला. त्या वाद्यावर एक खळगा आहे. नेपोलियननं द्युपोरच्या हातून चेलो ओढून घेतला, घोडेस्वारीच्या बुटांसकट पायांत धरला आणि टाचेचा तो खळगा पडला, अशी आख्यायिका. खरं-खोटं ठाऊक नाही, पण हा खळगा पुढं कुणी बुजवून घेतला नाही. त्या वाद्याचा विसाव्या शतकातला एक मालक म्हणजे रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविच.

तॉर्तलिए शिकायला लागला तेव्हा ही परंपरा लुई फयार आणि जेरार हेकिंग यांच्या हातात होती. फयारनं रोजच्या रियाजाचं एक पातळसं पुस्तक लिहिलं आहे. अजूनही चेलो शिकणारं पोर कुठल्याही देशातलं असो, ते पुस्तक त्याच्या स्टँडवर चढलेलं असतं. त्यात सुरेल असं काही नाही. नुसती बोटांची उलटापालट, एकाच जागी, शेकडो वेळा. हेकिंग दुसऱ्या टोकाचा. ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ ऑर्केस्ट्रात तो पहिल्या महायुद्धापर्यंत चेलोंच्या पहिल्या खुर्चीवर होता. संगीत म्हणजे आधी बोलणं, मग बोटं, अशा वळणाचा. एकानं हात घडवला, दुसऱ्यानं वाचा फोडली.

पण फ्रान्समध्ये वाद्याच्याही आधी येतो तो सोल्फेज. मूल स्वरलिपी डोळ्यांनी बघून, वाद्याशिवाय, तोंडानं नावं घेत गातं. इथं आपल्याकडच्या माणसानं थांबून लक्ष द्यायला हवं. आपला षड्ज गायक लावेल तिथं असतो, काळी एक की पांढरी चार हा ज्याचा त्याचा प्रश्न. फ्रेंचांचा ‘दो’ जागचा हलत नाही. तो एका ठरावीक कंपनसंख्येच्या सुराचं नाव आहे. त्यामुळं तिथल्या मुलाच्या कानात सुरांचे संबंध तर बसतातच, शिवाय प्रत्येक सुराचा पत्ताही बसतो. त्यातच सात निरनिराळ्या चिन्हांनी, म्हणजे सात प्रकारच्या मांडणीत, तीच रेघांवरची लिपी वाचायचा सराव. चेलोवाल्याला व्यवहारात त्यांतली तीनच लागतात. उरलेली चार कशासाठी, असं पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच मुलं विचारत आली आहेत आणि त्यांना समाधानकारक उत्तर मिळाल्याचं दिसत नाही. फायदा एवढाच होतो की समोर कुठलाही कागद ठेवला तरी फ्रेंच वादक बिचकत नाही.

आणि समोर कागद ठेवला जायचाच. वर्षअखेरीच्या स्पर्धेत, ज्याला तिथं ‘काँकूर’ म्हणतात, दोन भाग असत. एक नेमून दिलेली रचना, सगळ्यांना तीच. दुसरा भाग त्या दिवसापर्यंत कुणीही न पाहिलेल्या पानाचा. हे पान मुद्दाम परीक्षेसाठी लिहून घेतलं जाई, आणि लिहिणारे ऐरेगैरे नसत. १८९७च्या चेलो परीक्षेसाठी असं एक छोटंसं पान गाब्रिएल फोरेनं लिहिलेलं आहे. पोरांना फोडण्यासाठी केलेलं ते पान आज लोक हौसेनं मैफलीत वाजवतात.

काँकूरचा दिवस म्हणजे एक खेळच. सभागृहात नातेवाईक, शिक्षक, पत्रकार, रिकामटेकडे रसिक. तीच रचना, एकापाठोपाठ एक, दहा-बारा वेळा. चौथ्या मुलापर्यंत श्रोत्यांना अवघड जागा पाठ झालेल्या असतात आणि पाचवा तिथं पोचला की सगळे श्वास रोखतात. निकालात पहिलं पारितोषिक, दुसरं पारितोषिक, मग त्याखालच्या दोन पायऱ्या. ‘पहिलं पारितोषिक’ याचा अर्थ सगळ्यांत पहिला नंबर असा नाही. ते एकाच वर्षी दोघा-तिघांनाही मिळू शके. ती एक पातळी होती, सुटकेची सनद. ते मिळेपर्यंत विद्यार्थी वर्गातच बसे, आणि वयाची मर्यादा उलटली की रिकाम्या हातानं बाहेर पडे. आजच्या डोळ्यांना ही रीत क्रूर दिसते, आणि तशी ती होतीही. पण तिच्यामुळं परीक्षा म्हणजे मैफल आणि मैफल म्हणजे परीक्षा हे समीकरण सोळा वर्षांच्या मुलांच्या अंगवळणी पडत असे. तॉर्तलिएनं वाजवला एल्गारचा कॉन्चेर्टो. १९१९ सालची ती इंग्रजी रचना त्या काळी फ्रान्समध्ये फारशी कुणी वाजवत नव्हतं. पुढच्या वर्षी लामुरो ऑर्केस्ट्राबरोबर लालोचा कॉन्चेर्टो वाजवून त्याचं पदार्पणही झालं.

मग काय झालं? फार काही झालं नाही. पॅरिसमध्ये पहिलं पारितोषिक मिळवलेले चेलोवादक दर वर्षी बाहेर पडत, आणि एकल वादकाला मैफली मिळत त्या वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिकत असतानाच पोरगा घराला हातभार म्हणून कॅफेत आणि मूकपटांच्या थिएटरांत वाजवायला जायचा. थिएटरच्या खड्ड्यात बसून पडद्याकडं एक डोळा ठेवायचा, पाठलाग आला की वेग वाढवायचा, नायिका मरायला टेकली की हळू व्हायचं. बोलपट आले आणि १९३०च्या सुमारास हे काम हजारो वादकांच्या हातून एकदम गेलं. तॉर्तलिए या वर्षांत पुन्हा कॉन्झर्व्हेटरीतच ज्याँ गालोंकडं हार्मनी शिकत राहिला. चेलोवाल्याला एका वेळी बहुधा एकच सूर वाजवायचा असतो, बाकीचे सूर दुसरे वाजवतात. आपल्या सुराखाली काय चाललंय ते कळल्याखेरीज तो सूर कुठं झुकवायचा हे कळत नाही. हे ज्ञान फयारच्या पुस्तकात नव्हतं.

१९३५मध्ये त्याला मोंटे कार्लोच्या ऑर्केस्ट्रात नोकरी लागली. जागा छोटी, पण श्रीमंतांचं गाव. थंडीत मोठमोठे वाद्यवृंद-संचालक तिकडं येत. तोस्कानिनी, ब्रूनो वॉल्टर आणि खुद्द रिखार्ड श्ट्राउस यांच्या हाताखाली तो वाजवत होता. श्ट्राउसच्या ‘डॉन किहोते’त त्यानं एकल चेलो वाजवला, समोर काठी घेऊन स्वतः रचनाकार. १९३७मध्ये तो अमेरिकेत बॉस्टन सिंफनीच्या चेलो विभागात गेला, सर्गेई कूसेवित्स्कीच्या हाताखाली. तिथं तीनेक वर्षं काढून तो फ्रान्सला परतला आणि महायुद्धानंतर पॅरिसच्याच कॉन्झर्व्हेटरी ऑर्केस्ट्रात पहिल्या खुर्चीवर बसला.

ऑर्केस्ट्रात बसलेल्या चेलोवाल्याला कुणी बघत नाही. दहा-बारा चेलो एका आवाजात मिसळायचे, गज एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली, कंप जरा जास्त झाला तर शेजारचा तिरक्या नजरेनं बघतो. ज्याला एकल वादक व्हायचंय त्याला ही बंदिशाळा वाटू शकते. पण बाखपासून श्ट्राउसपर्यंत सगळं साहित्य आतून ऐकायला मिळतं ते तिथंच. ओबो कुठं श्वास घेतो, हॉर्न कशासाठी थांबतात, संचालकाच्या मनगटात वेग कधी बदलतो, हे सगळं फुकट शिकायला मिळतं. पुढं एकल वादक म्हणून ऑर्केस्ट्रासमोर बसल्यावर तॉर्तलिए मागच्या लोकांशी बोलल्यासारखा वाजवायचा, असं त्याच्या ध्वनिमुद्रणांत स्पष्ट ऐकू येतं. चेलो एकटा पुढं धावत नाही. वाद्यवृंदातून वर येतो आणि पुन्हा त्यात जातो. सोळाव्या वर्षी सरळ दौऱ्यावर गेलेल्या वादकाकडं हे आपसूक येत नाही.

‘डॉन किहोते’नं त्याचं नशीब उघडलं. श्ट्राउसनं १८९७मध्ये पुरी केलेली ही रचना विलक्षण आहे. चेलो म्हणजे तो भ्रमिष्ट सरदार, व्हायोला म्हणजे सांचो पान्झा. पवनचक्क्या, मेंढ्यांचा कळप, हवेतून उडण्याचा भास असं सगळं वाद्यवृंदात. मेंढ्यांचं बेंबें तर पितळी वाद्यांतून असं हुबेहूब काढलंय की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू फुटतं. ऑक्टोबर १९४७मध्ये इंग्रज संचालक सर टॉमस बीचम यांनी लंडनमध्ये श्ट्राउस महोत्सव भरवला. त्र्याऐंशी वर्षांचे श्ट्राउस विमानानं आले होते. सरदाराच्या भूमिकेला बीचमनी तॉर्तलिएला बोलावलं. उंच, सडपातळ अंगकाठी, गरुडासारखं नाक, मागं उडणारे केस. सर्व्हान्तेसनं स्वतः निवडला असता असा माणूस. त्या रात्रीनंतर इंग्लंडनं त्याला सोडलं नाही, आणि फ्रान्सच्या आधी इंग्लंडनंच त्याला मोठं केलं असं म्हणायला हरकत नाही. वय होतं तेहतीस.

तीन वर्षांनी त्यानं असं काही केलं की ज्यात मला त्याचा सगळा स्वभाव दिसतो. नाव झालं होतं, बोलावणी येत होती. तरी १९५०मध्ये तो पुन्हा ऑर्केस्ट्रात जाऊन बसला. कारण तिथं पाब्लो कासाल्स होता. कॅटलोनियाचा हा थोर चेलोवादक फ्रँकोच्या राजवटीमुळं स्पेन सोडून सीमेलगतच्या प्राद या फ्रेंच गावात राहत होता, आणि फ्रँकोशी जुळवून घेणाऱ्या जगाचा निषेध म्हणून त्यानं जाहीर वादन थांबवलं होतं. बाखच्या निधनाला दोनशे वर्षं झाली त्या निमित्तानं जगभरचे वादक त्याच्या गावात गोळा झाले. तू बाहेर येत नाहीस तर आम्ही तुझ्याकडं येतो, असा तो प्रकार. तॉर्तलिए त्या ऑर्केस्ट्रात चेलोंचा प्रमुख होता. कासाल्सकडं त्यानं वर्गात बसून शिक्षण घेतलं नाही. तो त्याच्यासमोर बसून वाजवत होता आणि बघत होता.

कासाल्सचं ऋण सगळ्याच चेलोवाल्यांवर आहे. बाखचे चेलोसाठीचे सहा सुइट्स एकेकाळी नुसते सरावाचे धडे समजले जात. तेरा वर्षांच्या कासाल्सला ते बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात सापडले आणि १९३६ ते १९३९ या काळात त्यानं ते पूर्ण ध्वनिमुद्रित केले. एका वेळी बहुधा एकच सूर देणारं वाद्य, साथीला कुणी नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला तीन आवाजांचा भास होतो. खर्जाचा एक सूर वाजवून सोडून द्यायचा, वर सुरावट चालवायची, आणि खालचा सूर अजून चालूच आहे असं कानाला पटवायचं, ही त्यातली करामत. बाखच्या हातची मूळ प्रत उपलब्ध नाही. त्याच्या बायकोनं, आना माग्दालेनानं केलेली नक्कल आहे, आणि तिच्यातल्या गजाच्या खुणा कुठं सुरू होतात, कुठं संपतात यावर आजही वाद चालतात. त्यामुळं प्रत्येक चेलोवादकाला हे सुइट्स स्वतः ठरवून वाजवावे लागतात. तॉर्तलिएनं ते दोनदा ध्वनिमुद्रित केले, साठीच्या दशकाच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऐंशीच्या दशकात. त्याचा बाख नाचतो, भांडतो, कधी कधी जरा जास्तच बोलतो. ज्यांना शांत, तोलून मापून वाजवलेला बाख हवा ते त्याचाच समकालीन प्येर फुर्निएकडं वळतात.

फुर्निएची कथाही इथं सांगितली पाहिजे, कारण ती अगदी उलट दिशेनं येते. १९०६मध्ये जन्मलेला, लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा. आईकडं पियानो शिकत होता. नवव्या वर्षी पोलिओ झाला, पाय दुबळे झाले, पियानोचं पेडल दाबता येईना, म्हणून चेलो हाती आला. त्याच कॉन्झर्व्हेटरीत शिकून तो सतराव्या वर्षी बाहेर पडला. पुलांकनं आपला चेलो सोनाटा त्याला अर्पण केला आणि १९४९मध्ये पॅरिसमध्ये त्याच्याबरोबर स्वतः पियानो वाजवला. त्याला चेलोवादकांतला उमराव म्हणत. आंद्रे नवारा आणि मोरिस जाँद्रोन हे दोघे आणखी. नवारा व्यायाम करणारा, मुष्टियुद्ध खेळणारा, आवाज दणकट, जाँद्रोन रेशमी. एकाच इमारतीत, एकाच रीतीच्या परीक्षा देऊन बाहेर पडलेले चार वादक, आणि डोळे मिटूनही वेगळे ओळखता येतात. कडक शाळा सगळ्यांना एका साच्यात घालते या आक्षेपाला यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

१९५५मध्ये तॉर्तलिएनं आणखी एक चमत्कारिक पाऊल उचललं. बायको मोद, तीही चेलोवादक, आणि मुलं यांना घेऊन तो वर्षभर इस्रायलमधल्या माबारोत या किबुत्झवर राहायला गेला. तो जन्मानं कॅथलिक, तिथं कुणी नातेवाईक नाही. सगळ्यांनी काम करायचं, सगळ्यांनी वाटून खायचं, ही कल्पना त्याला भावली होती. तिथल्या वास्तव्यात त्यानं ‘इस्रायल सिंफनी’ रचली. बाजारपेठेचा विचार करणारा कुठलाही एजंट नाव झालेल्या वादकाला असं वर्ष घालवू देणार नाही.

सुताराचा मुलगा हे त्याचं वर्णन खऱ्या अर्थानं पटतं ते चेलोच्या सळईपाशी. पूर्वी चेलो पोटऱ्यांमध्ये दाबून, जमिनीपासून वर तोलून धरत. लिझा क्रिस्त्यानी ही पॅरिसची तरुणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चेलो घेऊन पार सायबेरियापर्यंत दौरा करून आली आणि १८५३मध्ये वाटेतच कॉलऱ्यानं गेली; त्या काळात बाईनं चेलो पायांत धरणं हेच लोकांना धाडस वाटे. वाद्याच्या बुडातून निघणारी सळई जमिनीत रोवायची पद्धत बेल्जियन वादक सर्वेमुळं रूढ झाली. पाय मोकळे झाले, आवाजही मोकळा झाला. पण सरळ सळईवर चेलो बराच उभा राहतो. तारा उभ्या, त्यामुळं गज त्यांच्यावर विसावत नाही. हातानं तो बाजूनं दाबून धरावा लागतो. शिवाय वरचे सूर गाठायला वादकाला वाद्यावर ओणवं व्हावं लागतं.

तॉर्तलिएनं सळईच वाकडी केली. वाद्यातून बाहेर पडल्यावर ती एका कोनात खाली वळते. त्यामुळं चेलो आडवा होत जातो, जवळजवळ वादकाच्या मांडीवर पसरल्यासारखा. आता तारा जमिनीला पुष्कळशा समांतर. गज त्यांच्यावर ठेवला की हाताचं वजन आपोआप तारेवर उतरतं, दाबायची गरज राहत नाही. डावा हात अंगठ्याच्या जागेवर जाताना खांदा पुढं घ्यावा लागत नाही. वाद्याच्या पोटावरची इंग्रजी एफच्या आकाराची दोन भोकं छताकडं तोंड करतात, म्हणून आवाज पुढच्या रांगेच्या अंगावर न आदळता वरून फिरून सभागृहात येतो. तोटेही आहेत. सळई लांब लागते, ती थरथरते, काही वादकांना आपलं वाद्य हनुवटीखाली आल्यासारखं वाटतं. पण रोस्त्रोपोविचनं ती उचलली आणि मग तिची चेष्टा थांबली. आजही ती वापरणारे थोडेच, तरी चेलोच्या दुकानात ‘तॉर्तलिए’ म्हटलं की दुकानदार हीच सळई काढून देतो.

लाकूडकामाशी फ्रेंच चेलोचं असं घरचं नातं पहिल्या महायुद्धातही दिसतं. मोरिस मारेशाल हा तेव्हाचा तरुण चेलोवादक खंदकात होता. त्याच्या दोघा सुतार सोबत्यांनी दारूगोळ्याच्या पेटीच्या फळ्या आणि हाती लागलेलं लाकूड जोडून १९१५मध्ये त्याला चेलो बनवून दिला. ओबडधोबड चौकोनी वाद्य, पण वाजायचं. फॉश, जोफ्र, पेताँ या सेनापतींनी त्यावर सह्या केल्या. ते आज पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. युद्धातून वाचलेल्या मारेशालनं पुढं १९२२मध्ये रावेलच्या व्हायोलिन-चेलो सोनाटाच्या पहिल्या प्रयोगात चेलो वाजवला.

१९५६ ते १९६९ ही वर्षं तॉर्तलिएनं पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवलं. मग जर्मनीतल्या एसेनला, नंतर नीसला. १९८०मध्ये बीजिंगच्या केंद्रीय कॉन्झर्व्हेटरीनं त्याला मानद प्राध्यापक केलं. बीबीसीवरच्या त्याच्या शिकवणीच्या कार्यक्रमांनी तर तो चेलोशी संबंध नसलेल्या घरांतही पोचला. तुटक इंग्रजी, हातवारे, मध्येच गाणं, मध्येच उठून चालून दाखवणं. विद्यार्थ्याला तो ‘हा सूर चुकला’ असं क्वचित सांगे. हा सूर कुठं निघालाय, असं विचारी. १९६२मध्ये जॅकलिन द्यु प्रे ही सतरा वर्षांची इंग्रज मुलगी त्याच्याकडं पॅरिसला शिकायला आली होती. तीन वर्षांनी, १९६५मध्ये, तिनं एल्गारच्या कॉन्चेर्टोचं जे ध्वनिमुद्रण केलं त्यानं ती रचना जगाच्या तोंडी केली. तिचा मूळ गुरू लंडनचा विल्यम प्लीथ, तेव्हा श्रेय तॉर्तलिएच्या पदरात टाकणं बरोबर नाही.

त्याच्या घरी सगळेच वाजवत. मुलगा यान पास्काल व्हायोलिन वाजवून मग संचालक झाला, १९९२पासून दहाएक वर्षं मँचेस्टरच्या बीबीसी फिलहार्मोनिकचा प्रमुख होता. मुली पियानो आणि चेलोकडं गेल्या. १८ डिसेंबर १९९० रोजी, पॅरिसपासून फार दूर नसलेल्या व्हिलार्सोमध्ये, तॉर्तलिए वारला.

त्याच वर्षी कॉन्झर्व्हेटरीनं मद्रिद रस्त्यावरची जुनी जागा सोडली आणि शहराच्या ईशान्य टोकाला, ला व्हिलेतच्या नव्या इमारतीत बिऱ्हाड हलवलं. आता फ्रेंच चेलोवाल्याचा रस्ता पूर्वीपेक्षा लांब आहे. आधी गावातली किंवा विभागीय कॉन्झर्व्हेटरी, मग पॅरिस किंवा ल्योंची राष्ट्रीय संस्था, तिथं युरोपातल्या विद्यापीठांसारख्या पदव्या, आणि त्यानंतर बहुतेकजण फ्रान्सबाहेर जातातच. १९८१मध्ये शांबेरी इथं जन्मलेला गोत्ये काप्युसाँ पॅरिसमध्ये फिलिप म्यूलेरकडं शिकला आणि पुढं व्हिएन्नात हाइनरिख शिफकडं. ज्याँ-गिएन केरास ल्योंहून जर्मनीतल्या फ्रायबुर्गला गेला. परीक्षकांसमोर एकच रचना सगळ्यांनी वाजवायची ती जुनी स्पर्धा मागं पडली, पण निवड त्याहून ढिली झालेली नाही. फक्त ती आता आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या मंचावर होते, जिथं पॅरिसचा मुलगा सोलच्या आणि मॉस्कोच्या मुलांशी झगडतो.

वाद्याचा खर्च हा नवा पेच. काप्युसाँ वाजवतो तो चेलो व्हेनिसच्या मात्तेओ गोफ्रिल्लरनं १७०१मध्ये बनवलेला आहे. असे चेलो आता वादकांच्या ऐपतीबाहेर गेलेत. बँका, प्रतिष्ठानं किंवा श्रीमंत संग्राहक ते विकत घेतात आणि वादकाला वापरायला देतात. फ्रांकोमनं २२,००० फ्रँक स्वतः मोजले होते. २०२०च्या उन्हाळ्यात साथीमुळं सगळी सभागृहं बंद होती तेव्हा हाच काप्युसाँ ते वाद्य गाडीत घालून फ्रान्सभर लहान लहान गावांत वाजवत फिरला, आणि पुढं दर उन्हाळ्याला नवशिक्या तरुण वादकांना बरोबर घेऊन जायची त्यानं रीत पाडली.